गोठलेल्या गवतावरची पावलं

आमचे हे गेली एकतीस वर्षं गवत राखतात. हे ऐकलं की लोकांना आधी वाटतं मी गंमत करतेय, आणि मग त्यांना माझी कीव येते. "म्हणजे माळी का हो?" असं विचारतात. माळी निदान फुलं तरी लावतो. ह्यांनी जन्मात एक फूल लावलेलं नाही. उलट गवतात चुकून एखादं रानफूल वर आलं, तर खिशातल्या चाकूने मुळासकट उपटतात, आणि तोंड असं करतात की घासात केस आलाय.

आमचं लग्न जमवणाऱ्या गृहस्थांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "मुलाच्या हाताखाली दीडशे एकर हिरवीगार जमीन आहे." वडिलांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. गृहस्थ खोटं बोलले असं मी आजही म्हणणार नाही. जमीन होती, दीडशे एकरच होती, आणि ह्यांच्या हाताखालीच होती, कारण हे दिवसभर तिच्यावर ओणवे होऊन गवत उपटत होते.

जमीन होती एका गॉल्फ क्लबची. ज्यांनी गॉल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. चांगली धडधाकट माणसं एका लिंबाएवढ्या चेंडूला काठीने मारतात, मग त्याच्या मागे जातात आणि पुन्हा मारतात. असं करत करत चेंडू एका भोकात पडला की पुढच्या भोकाकडे निघायचं. भोकं अठरा. चालायचा कंटाळा म्हणून बॅटरीच्या गाड्या, काठ्या जड म्हणून त्या वाहायला वेगळा माणूस, आणि शेवटी गरम पाण्याने आंघोळ करून, गच्चीवर बसून म्हणायचं, "आज फार दमलो बुवा." देवाने दिलेला देह कसा झिजवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मी काही बोलत नाही.

प्रत्येक भोकाभोवती गालिच्यासारखं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. ते तांदळाच्या दाण्याहूनही आखूड ठेवायचं असतं. गवताला जगायला पान हवं, आणि सभासदांना चेंडू घरंगळायला टक्कल हवं. ह्या दोघांच्या मध्ये आमचे हे उभे. चेंडू भोकात गेला तर "काय मारला!" आणि नाही गेला तर "माळीबुवा, हे ग्रीन बरोबर कापलेलं नाही." नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण बहुधा अशाच एखाद्या क्लबच्या गच्चीखाली जन्मली असावी.

बारा महिन्यांचं ह्यांचं कॅलेंडर वेगळंच. उन्हाळ्यात भर दुपारी, कावळासुद्धा सावली धरून बसतो तेव्हा, हे नळी घेऊन अठरा ग्रीनवर फिरतात. पाणी पाजायला नाही, नुसतं शिंपडायला. तापलेल्या माणसाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी, तसं. त्या दिवसांत मशीनचं पातं हे केसभर वर उचलतात आणि कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तर कमिटीची बैठक बसेल. पावसाळ्यात पाणी साचतं, चर तुंबतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बुरशी. रात्रीचं दंव गवतावर तसंच राहिलं तर बुरशी धरते, म्हणून रोज पहाटे हे लांबलचक लवचीक बांबू घेऊन ग्रीनवरून फिरवतात. सपासप, डावीकडून उजवीकडे. लेक लहान होती तेव्हा मला विचारायची, "आई, बाबा गवताला का मारतात?" वारा सुटला की चेंडू अडवायला मुद्दाम खणलेल्या खड्ड्यांतली वाळू ग्रीनवर, आणि झाडांची पानं वाळूवर. कमिटीने एका वर्षी ठराव केला होता की पानगळ 'आटोक्यात ठेवावी'. झाडांना प्रत पाठवली होती की नाही, ते मला माहीत नाही.

आणि थंडी. थंडीत ह्यांचा एकच नियम. पहाटे दंव गोठून गवत पांढरं झालं असेल, तर ते वितळेपर्यंत ग्रीनवर कुणीही पाय ठेवायचा नाही. गोठलेलं पातं काचेसारखं असतं. पाय पडला की आतल्या आत मोडतं. त्या वेळी काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी मात्र पाऊल जसंच्या तसं काळं उमटतं, आणि मग महिना-दीड महिना जात नाही. हे मला डोळे मिटूनही पाठ आहे, कारण लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी कौतुकाने एका पांढऱ्या ग्रीनवर चार पावलं टाकली होती. हे असे ओरडले की पाठवणीत मी रडले नव्हते इतकी त्या दिवशी रडले. पाचव्या दिवशी ह्यांनी मला हात धरून तिथे नेलं आणि माझीच पावलं दाखवली. "बघ. ही तू." एवढंच बोलले. नव्या नवरीला नवरा काय दाखवतो आणि ह्यांनी काय दाखवलं!

घरात ह्यांचं लक्ष कधी नव्हतंच. लेक तापाने फणफणली असताना "डॉक्टरकडे ने" म्हणून निघून जाणार, आणि सातव्या ग्रीनच्या कोपऱ्यात पिवळा डाग दिसला तर ताटावरून उठणार. आम्ही राहतो क्लबच्या मागच्या फाटकाजवळ, मशीनच्या शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत. पेट्रोलचा आणि कापलेल्या गवताचा वास माझ्या उशीलाही येतो. खोल्या नोकरीच्या. नोकरी असेपर्यंत छप्पर. ह्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, आणि लेकीचं शिक्षण संपायला दोन. त्या हिशोबावर आमचं सगळं चाललं होतं.

आता क्लबच्या सेक्रेटरीबद्दल. मनुष्य उंचीने लहान, आणि ती कसर त्याने आवाजाने भरून काढलेली. त्याच्या खोलीत सभासदांसाठी मऊ खुर्च्या आणि कामगारांसाठी उभं राहायची जागा. गवताबद्दलचं ज्ञान एवढंच की ते हिरवं असावं. गाडीत बसून मैदानभर फिरायचं आणि "माळीबुवा, हे बघा, ते बघा" करायचं. उंटावरून शेळ्या हाकणारे मी ऐकले होते, बॅटरीवर बसून हाकणारा हा पहिलाच पाहिला.

त्या थंडीत क्लबची मोठी स्पर्धा होती. कुणी बडे पाहुणे यायचे होते. सेक्रेटरीला फोटो हवा होता: अठराव्या ग्रीनवर, भोकातल्या झेंड्याजवळ, सकाळच्या कोवळ्या उन्हात, पाहुणे, अध्यक्ष आणि कमिटी. आठ माणसं ओळीत.

रविवारी पहाटे हे उठले आणि दार उघडताच म्हणाले, "पांढरं झालंय." अंगात कोट चढवून थेट सेक्रेटरीकडे गेले. तिथे काय झालं ते मला गवत कापायचं मशीन चालवणाऱ्या मशीनवाल्याने सांगितलं, तो शेजारीच उभा होता.

हे म्हणाले, "साहेब, साडेनऊपर्यंत कुणाला ग्रीनवर नेऊ नका. काळं पडेल."

"साडेनऊला उन्हं डोळ्यांवर येतात, माळीबुवा. फोटो साडेसातचाच."

"पावलं उमटतील."

"दंव आहे हो, ॲसिड नाही. तुम्ही जा, नववं ग्रीन बघा. तिकडे तुमची गरज आहे."

हे गेले. माझ्या मते ह्यांची हीच चूक. दारात आडवं पडायला हवं होतं. पण साहेबाने जा म्हटलं की जायचं हे ह्यांच्या हाडीमांसी. हे अर्ध्या मैलावर नवव्या ग्रीनचं दंव बोटाने तपासत बसले, आणि इकडे आठ जण आणि एक फोटोवाला अठराव्या ग्रीनवर चढले, ओळीत उभे राहिले, हसले आणि उतरले. हे परत आले तेव्हा पांढऱ्या गवतावर हिरव्या पावलांची वाट स्पष्ट दिसत होती. पुढच्या तासाभरात ऊन चढलं, दंव वितळलं, वाट पुसली. स्पर्धा झाली, टाळ्या झाल्या. मंगळवारी फोटो सोनेरी चौकटीत हॉलच्या भिंतीवर लागला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, अठरावं ग्रीन काळं पडलं.

गच्चीवरून दिसणारं ते एकच ग्रीन. दुरून नुसते काळे डाग दिसायचे, जणू कुणी तवा पुसून फडकं झटकलंय. सभासद ओरडायला लागले, वर्षाची सर्वसाधारण सभा तोंडावर आली होती, आणि कुणीतरी दोषी सापडणं आवश्यक होतं. गुरुवारी ह्यांना ऑफिसात बोलावलं. तिथून हे एक टाईप केलेला कागद घेऊन घरी आले आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. मी हात पुसून वाचला. 'औषध फवारताना माझ्या निष्काळजीपणामुळे अठराव्या ग्रीनची हानी झाली. मी ही जबाबदारी स्वीकारून पदावरून मुक्त होण्याची विनंती करत आहे.' खाली सहीसाठी रेघ. सोमवारपर्यंत सही करायची. केली तर महिनाअखेर खोल्या रिकाम्या, नाही केली तर चौकशी, आणि मग खोल्या रिकाम्या.

"तुम्ही औषध कधी फवारलं?" मी विचारलं.

"ह्या महिन्यात नाही."

"मग बोलला नाहीत?"

"बोललो. पावलांनी गवत मरत नाही म्हणाले."

"अहो, फोटो काढलाय ना त्यांनी! आठच्या आठ दात काढून उभे आहेत!"

"त्यात पाय कुठे दिसतात?" हे म्हणाले. खरंच होतं. फोटो गुडघ्यापासून वर होता.

"आणि मशीनवाला? तो होता ना तिथे?"

"तो म्हणतो, काका, मी तेव्हा पेट्रोल भरत होतो, मी काही ऐकलं नाही."

"परवा मला तर सगळं तोंडपाठ सांगत होता!"

"तुला सांगितलं तर त्याची नोकरी जात नाही."

लेक उसळली. "बाबा, तुम्ही सरळ अध्यक्षांकडे जा."

"गवत सांगेल," हे म्हणाले आणि ताट पुढे ओढलं.

गवत सांगेल म्हणे! एकतीस वर्षं गवत सांगतंय, आणि ऐकतंय कोण? मी रोज रात्री वही लिहिते, तिच्यात त्या दिवशी लिहिलंय: 'चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी भाकरी मोडतोय.' देवापुढे बसले तर जप होईना. प्रत्येक मण्याला सेक्रेटरीचं तोंड दिसत होतं. देवाने तो जप कुठल्या खात्यात धरला असेल, त्याचं त्याला ठाऊक.

शनिवारी सकाळी हे चुन्याची बादली घेऊन निघाले. आता हे काम कसं असतं ते सांगते. मेलेलं गवत काढून तिथे दुसरीकडून आणलेला जिवंत तुकडा बसवायचा. काढण्याआधी चुन्याच्या पाण्याने खूण करायची, म्हणजे कापताना नजर चुकत नाही. एरवी हे डागाभोवती एक गोल ओढतात, दोन मिनिटांत काम. त्या दिवशी मात्र बारीक ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसले आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. मी जेवण घेऊन गेले तर म्हणाले, "तिथे ठेव. पाय जपून." मी कुंपणाबाहेरूनच ठेवलं. पहिल्या वर्षाचा धडा मी विसरलेली नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "एवढा वेळ लागतो खुणा करायला?"

"जेवढं मेलंय तेवढंच काढायचं," हे म्हणाले. "जिवंत गवताला कशाला कापू?" चेहरा अगदी निर्विकार. मी एकतीस वर्षं ह्या चेहऱ्यासमोर बसून जेवतेय, आणि आजही मला सांगता येणार नाही की त्या पोटात काय होतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी आणि लेक डबा घेऊन गेलो, तेव्हा गच्ची सभासदांनी भरलेली होती. कुणीही बसलेलं नव्हतं. सगळे कठड्याशी ओणवून खाली बघत होते. आम्ही कुंपणाच्या बाजूने पुढे झालो आणि मलाही दिसलं. हिरव्यागार ग्रीनवर पांढऱ्या रेघांनी आखलेली काळी पावलं, बुटांच्या टाचांसकट. कडेपासून आलेली-गेलेली पावलांची वाट, आणि झेंड्याजवळ आठ जोड्या ओळीत, क्लबकडे पाठ करून. समोर दहा हातांवर नववी जोडी, आणि तिच्यापुढे तीन ठिपके.

"खून झालाय की काय इथे?" डॉक्टर सभासद विचारत होते.

"एकाचा नाही, आठांचा," दुसरा म्हणाला.

"अरे, थांबा थांबा. ते तीन ठिपके म्हणजे कॅमेऱ्याचा स्टँड!"

एक जण पळत हॉलमध्ये गेला आणि भिंतीवरची सोनेरी चौकट काढून घेऊन आला. मग काय विचारता! सत्तरीची माणसं शाळेतल्या पोरांसारखी फोटोवर बोट आणि ग्रीनवर बोट करू लागली.

"हे पाहुणे. केवढे बूट! हे खजिनदार, पाय फाकवून."

"हे अध्यक्ष. बघा, काठीचा ठिपकासुद्धा आहे शेजारी."

अध्यक्ष तिथेच होते. त्यांनी हातातल्या काठीकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिनेच चुगली केली.

"आणि अध्यक्षांच्या डावीकडे कोण?"

"सेक्रेटरी."

"पण हे तर अर्धेच पाय आहेत. नुसते चवडे. टाचा कुठे गेल्या?"

सगळे पुन्हा फोटोवर वाकले. फोटोत सेक्रेटरी अध्यक्षांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मग अध्यक्षांच्या बायकोला हसू फुटलं. त्या बाई जाडजूड, एरवी कुणाशी न बोलणाऱ्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. "अगंबाई, टाचा उंचावून!" एवढंच त्या बोलू शकल्या. मग सगळी गच्ची हसली. लेक हसली. देवा, मीही हसले. दुसऱ्याच्या फजितीवर हसू नये हे मला कळतं, पण कळणं आणि वळणं ह्यांत अंतर असतं.

सेक्रेटरी कठड्यापासून मागे सरकला होता. अध्यक्षांनी त्याला विचारलं, "त्या दिवशी गवत गोठलेलं होतं?"

"थोडंसं, सर."

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

तो टाय सरळ करू लागला. हे खाली ग्रीनच्या कडेला तुकडे कापायचं हत्यार घेऊन उभे होते, आपला ह्या सगळ्याशी काही संबंध नाही अशा थाटात. अध्यक्षांनी वरूनच हाक मारली.

"माळीबुवा, तुम्ही ह्यांना काही सांगितलं होतं का?"

"हो साहेब."

"काय सांगितलं?"

"काळं पडेल म्हणून."

"मग?"

"पडलं."

एवढं बोलून हे खाली बसले आणि पहिलं पाऊल कापायला घेतलं.

सोमवारी सहीचा विषय कुणी काढला नाही. मंगळवारी शिपाई येऊन म्हणाला, "तो कागद साहेबांनी परत मागितलाय." मी म्हटलं, सापडत नाही. तो माझ्या वहीत आहे, तिथेच राहील. नोकरी राहिली, खोल्या राहिल्या. फोटो हॉलमधून नाहीसा झाला. मशीनवाल्याला आता सगळं लख्ख आठवतं, आणि तो चहाच्या टपरीवर रंगवून सांगतो की त्याने पहिल्याच दिवशी सेक्रेटरीला कसं सुनावलं.

माफी कुणी मागितली? नाव नको. उलट आठवड्याने सूचनाफलकावर ठळक अक्षरांत कागद लागला: 'गोठलेल्या ग्रीनवर पाऊल टाकू नये. सर्व कर्मचाऱ्यांनी नोंद घ्यावी.' कर्मचाऱ्यांनी! मी तो वाचला तेव्हा शेजारी हे उभे होते. "शुद्धलेखन बरोबर आहे," म्हणाले.

ह्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा कडाका पडला. पांढरं गवत चकाकत होतं. पावणेआठला सेक्रेटरी आणि अध्यक्ष दोन पाहुण्यांना घेऊन आले, काठ्या, गाड्या, सगळा लवाजमा. पण ह्या वेळी पायवाटेवरच थांबले. मी शेडच्या दाराशी कपडे वाळत घालत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"माळीबुवा, जायचं का?" सेक्रेटरीने विचारलं. आवाज खालच्या पट्टीत.

ह्यांनी वाकून बोट गवताला लावलं. "थांबा."

ते थांबले. हात चोळत, पाय आपटत, नाकातून वाफा सोडत. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. पुन्हा बोट, पुन्हा "थांबा." पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "हे कोण?" तर अध्यक्षच म्हणाले, "इथे ह्यांचंच चालतं." दहाला पाच मिनिटं असताना ह्यांनी मान हलवली आणि मंडळी हलली.

हे चहाला आत आले तेव्हा मी म्हटलं, "अहो, आपल्या अंगणातलं दंव तर नऊलाच विरघळलं होतं. तिकडेही ऊन होतं."

"हो."

"मग त्यांना आणखी तासभर का ताटकळवलं?"

ह्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली. "खात्री करत होतो," म्हणाले.

खोटं बोलणं पाप आहे हे त्यांना सांगणं माझं कर्तव्य होतं. मी बशीत आणखी थोडा चहा ओतला.